तारामतीची वंशावळ

भारतीय पडद्यावरची पहिली तारामती पुरुष होती. अण्णा साळुंके हे तिचं नाव. मुंबईत ग्रँट रोडकडच्या एका उपाहारगृहात ते स्वयंपाकाचं काम करायचे. बांधा सडपातळ, हातांची ठेवण नाजूक. दादासाहेब फाळक्यांची नजर पडली आणि महिना दहाचे पंधरा रुपये देऊन त्यांनी या माणसाला दादरच्या आपल्या बिऱ्हाडी आणलं, अशी हकिकत सांगतात. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा मुलासह विकली जाणारी अयोध्येची राणी म्हणून लोकांनी साळुंक्यांनाच पाहिलं आणि डोळे पुसले.

फाळक्यांनी बाई शोधलीच नाही असं नाही. जाहिराती दिल्या, ओळखीपाळखीत विचारलं, शेवटी नाचगाण्यावर पोट असलेल्या वस्तीतही चक्कर मारली. तिथूनही नकार आला. कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवणं त्या बायकांनाही आपल्या पायरीखालचं वाटलं. नाटकात बाई नसायची, पण तमाशाच्या फडात असायची. पठ्ठे बापूरावांच्या जोडीला पवळाबाई उभी राहिली आणि तिला पाहायला गावं लोटली. म्हणजे बाईनं लोकांपुढं उभं राहणं महाराष्ट्राला अनोळखी नव्हतं. ती कोणत्या जातीची आणि कुणाच्या घरची, यावर सगळं अडायचं.

त्या चित्रपटात राणी आणि तिच्या दासी जलविहार करताहेत असा एक प्रसंग आहे. ओल्या साड्या नेसलेले सगळेच्या सगळे पुरुष. आज पाहताना हसू येतं. पण फाळक्यांच्या मंडळींना वेगळीच अडचण होती. बाप हयात असताना मिशा उतरवायच्या कशा, म्हणून नट हटून बसायचे. राणीचं दुःख उभं करायच्या आधी मिशीचा प्रश्न सोडवावा लागला.

आणि याच घरात एक बाई दिवसरात्र राबत होती. सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडत, अंधाऱ्या खोलीत रसायनं हाताळत, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवत आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करत. तारामती चित्रात बाई नव्हती, पण त्या फिल्मचा एकही तुकडा बाईच्या हाताखालून गेल्याशिवाय पडद्यावर आला नाही.

साळुंक्यांची तारामती आली कुठून? तिचा एक धागा रविवर्म्याकडे जातो. फाळक्यांनी उमेदीच्या काळात लोणावळ्याजवळच्या रविवर्मा छापखान्यासाठी काम केलेलं होतं. सीता, दमयंती, मोहिनी, तारामती यांची रंगीत चित्रं तोवर घरोघरच्या भिंतींवर पोचली होती. देवी आणि पुराणातल्या राण्या नऊवारी कशी नेसतात, दुःखात मान किती कलवतात, हे लोकांनी त्या चित्रांवरूनच ठरवून टाकलं होतं. त्या चित्रांसाठी बसलेल्या स्त्रिया मात्र खऱ्या होत्या. अंजनीबाई मालपेकरांसारख्या गोव्याकडच्या कलावंत घराण्यातल्या गायिकेचं नाव त्यात घेतलं जातं. चित्रकारासमोर बाई बसली, तिचं चित्र झालं, चित्राची देवी झाली आणि त्या देवीचं सोंग पुरुषानं घेतलं. मूळ बाई या उलाढालीत मागंच राहिली.

दुसरा धागा अर्थातच रंगभूमीचा. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हापासून सीता पुरुषच होता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगवलं आणि पुढं ‘सौभद्र’ आलं, तेव्हा भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेवर लोक भाळले. कलकत्त्यात १८७३ सालीच बेंगॉल थिएटरनं स्त्रियांना काम दिलं. त्याच पिढीतल्या बिनोदिनी दासीनं पुढं आपली कहाणी स्वतः लिहून काढली. पारशी रंगभूमीवर मेरी फेंटन होती. मराठी नाटक मात्र विसाव्या शतकाची पहिली तीसेक वर्षं हट्टानं पुरुषांच्या हाती राहिलं.

या हट्टाचं खापर सनातनीपणावर फोडून मोकळं होता येतं, पण तेवढ्यानं भागत नाही. नाटक कंपनी म्हणजे पुरुषांचं फिरतं बिऱ्हाड. आज मिरज, उद्या हुबळी, एका पंक्तीत जेवण, एका ओसरीत अंथरुणं. त्यात परकी बाई राहणार कशी? शिवाय ‘नाटक्या’ ही शिवी पुसून टाकायला कंपन्यांना फार कष्ट पडले होते. वकील, मामलेदार, संस्थानिक बायकामुलांसह पहिल्या रांगेत बसू लागले होते. बाई रंगमंचावर आली तर आपलं नाटक तमाशाच्या पंक्तीत बसेल ही धास्ती खरी होती. स्त्रियांनी स्वतःच्या मंडळ्याही काढल्या, त्यात पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करत. त्यांच्या वाट्याला कौतुकापेक्षा कुतूहल अधिक आलं. सगळ्यात मोठा अडसर मात्र गुणांचाच होता. पुरुष हे काम फार सुंदर करत होते.

वंशावळीतलं पुढचं नाव दुर्गाबाई कामत. ‘राजा हरिश्चंद्र’ नंतर फाळके नाशिकला गेले आणि १९१३ च्या अखेरीस त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला, वय तेरा. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या. पोटची पोर घेऊन एकट्या बाईनं जगायचं तर त्या काळी वाटा किती होत्या? धुणीभांडी, स्वयंपाक, नाहीतर त्याहून वाईट. त्यांनी नाटक पत्करलं. कमला पाचएक वर्षांची असल्यापासून रंगमंचावर होती. भारतीय पडद्यावर पहिल्यांदा बाईनं बाईचं काम केलं ते या माय-लेकींनी. समाजसुधारकांच्या सभेत ठराव झाला म्हणून किंवा कुणी धाडसाचं आवाहन केलं म्हणून हे घडलं नाही. दुर्गाबाईंना काम हवं होतं, फाळक्यांना पार्वती हवी होती.

इथून पुढं सगळं सुरळीत झालं असेल असं वाटतं. तसं झालं नाही. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये साळुंके परत आले, आणि या वेळी राम तेच, सीताही तेच. एकाच पडद्यावर स्वतःचाच विरह त्यांनी सोसला. तो चित्रपट तुफान चालला. दोन वर्षांनी ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांनी बालकृष्ण केला तो आपल्या मुलीला, मंदाकिनीला. मुलगी मुलाच्या भूमिकेत चालली, कारण ती लहान होती आणि घरची होती. साळुंक्यांनी पुढं साडी उतरवली आणि ते कॅमेऱ्यामागं जाऊन छायाचित्रण करू लागले. तारामतीचा पहिला अवतार अशा रीतीनं तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाला. त्याची दखल सहसा घेतली जात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई ही त्यांची नावं बदलून पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली. मूकपटांत त्या दशकात रूबी मायर्स म्हणजे सुलोचना, पेशन्स कूपर अशा ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुली नायिका म्हणून गाजू लागल्या. त्यांच्या घरी पडद्यावर येण्याचा तेवढा विटाळ नव्हता आणि मूकपटात हिंदी-मराठी बोलायचा प्रश्नच नव्हता. काहींनी हिंदू नावं लावली, आणि या मुलींनी मूकपटाचा जमाना पेलला. आवाज आला आणि गणित फिरलं.

आवाजाकडं वळण्याआधी नारायणराव राजहंस म्हणजेच बालगंधर्वांपाशी थांबायलाच हवं. बालगंधर्वांना ओलांडून तारामतीचा वंश पुढं सरकत नाही. ‘मानापमान’ची भामिनी, ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, ‘एकच प्याला’ची सिंधू. त्यांच्यासारखा अंबाडा, त्यांच्यासारखी नथ, त्यांच्यासारखं पदर सावरणं पुण्या-मुंबईच्या घरांत शिरलं. बायकांनी बायकीपणाचे धडे एका पुरुषाकडून घेतले. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली तेव्हा त्यांच्यासोबत भागीदार होते गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. टेंब्यांनीच ‘मानापमान’च्या पदांना चाली दिल्या होत्या. या मंडळीत काही काळ कोल्हापूरचा एक पोरगा छोट्या कामांसाठी होता, शांताराम वणकुद्रे. टेंबे आणि शांताराम, ही दोन नावं लक्षात असू द्यावीत.

बालगंधर्वांची स्त्री घडवलेली होती. प्रत्येक मुरका, प्रत्येक हुंदका योजलेला, तालात बसवलेला. चार-पाच रांगांपलीकडून गॅसबत्तीच्या उजेडात ती स्त्रीहून अधिक स्त्री दिसे. कॅमेरा मात्र पहिल्या रांगेच्याही पुढं जाऊन, नटाच्या श्वासापर्यंत पोचतो. तिथं रंगाच्या थराखालची दाढीची खूण दिसते आणि योजलेला हुंदका योजलेलाच वाटतो.

आता १९३२. कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहून तीनेक वर्षं झालेली. बोलपटाची लाट आली होती आणि प्रभातच्या मंडळींनी पहिल्या बोलपटासाठी विषय निवडला तो फाळक्यांचाच, हरिश्चंद्राचा. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट म्हणून ओळखला जातो. तो मराठीत झाला आणि हिंदीतही. तेच नट, तीच दृश्यं, एकदा एका भाषेत आणि मग लगेच दुसऱ्या भाषेत. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे गंधर्व मंडळीत राहून गेलेला तोच पोरगा. हरिश्चंद्र आणि संगीतकार, दोन्ही गोविंदराव टेंबे. बालगंधर्वांच्या भामिनीसाठी चाली बांधणारे टेंबे आता राजाच्या वेषात स्वतः गात होते आणि त्यांच्या शेजारी तारामती म्हणून उभी होती सत्तावीस वर्षांची बाई. दुर्गा खोटे.

त्यांचं माहेरचं नाव विठा लाड. १४ जानेवारी १९०५ चा जन्म. घराणं मूळ गोव्याकडचं, घरात कोंकणी. वडील पांडुरंग लाड मुंबईतले बडे सॉलिसिटर. इंग्रजी शाळा, मग सेंट झेवियर्स कॉलेज. लग्न झालं ते तशाच श्रीमंत खोटे कुटुंबात. सगळं जिथल्या तिथं होतं आणि तिथंच राहिलं असतं तर आपल्याला हे नाव ठाऊकही झालं नसतं. पण सासरचं वैभव ओसरलं, पदरात दोन मुलगे होते आणि संसाराचं ओझं दुर्गाबाईंवर येऊन पडलं. पुढं ऐन तारुण्यात वैधव्यही आलं. १९३१ साली मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी एक छोटंसं काम केलं. चित्रपट सुमार निघाला आणि लाडांच्या लेकीनं, खोट्यांच्या सुनेनं हे काय आरंभलं म्हणून चहूकडून बोलणी बसली. बदनामी पुरेपूर झाली होती, हाती काही लागलं नव्हतं. अशा वेळी प्रभातचं बोलावणं आलं.

‘अयोध्येचा राजा’ आज बघताना बरंच काही जुनाट वाटतं. संवाद नाटकी आहेत, गाणी नाटकातल्या पदांसारखी खेचलेली आहेत, टेंबे राजापेक्षा गवई अधिक आहेत. दुर्गाबाईंचा आवाजही सुरुवातीला जरा अवघडलेला आहे; मायक्रोफोनची धास्ती कानाला कळते. तरी त्या चालू लागल्या की फरक समजतो. उंच बांधा, ताठ मान, कुणी शिकवलेली नसलेली चाल. आपण बाई आहोत हे पटवून द्यायची त्यांना गरजच नाही. बालगंधर्वांना प्रत्येक क्षणी ती गरज होती आणि तिच्यातूनच त्यांची कला जन्मली. दुर्गाबाईंना ती नव्हती, म्हणून त्या तारामतीला दुसरं काहीतरी देऊ शकल्या: राग. बाजारात उभी असलेली राणी नवऱ्याच्या सत्यापायी विकली जाते आहे आणि तिच्या चेहऱ्यावर निव्वळ पतिव्रतेचं सोसणं नाही. साळुंक्यांच्या राणीत राग असण्याची सोयच नव्हती. लाजणं, रडणं, मान खाली घालणं या खुणांवरच पुरुषानं केलेली बाई ओळखू यायची. त्या खुणा सोडल्या तर पडद्यावर साडी नेसलेला पुरुष उरला असता.

मला या वंशावळीत सर्वात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. बाई आल्यानं बाईला काम मिळालं हे तर झालंच. पण बाईची भूमिकाही बदलली आणि ती वेगानं बदलली. त्याच १९३२ साली ‘माया मच्छिंद्र’मध्ये दुर्गाबाई किलोतला झाल्या. स्त्रीराज्याची राणी, पायाशी चित्ता बसलेला. चार वर्षांनी ‘अमरज्योती’त सौदामिनी. पोटच्या मुलावर आईचा हक्क नाही असं राज्याचा कायदा सांगतो, म्हणून ही बाई समुद्री लुटारू होते, जहाजं लुटते, ज्या मंत्र्यानं न्याय नाकारला त्याच्यावर सूड उगवते. चंद्रमोहनचे घारे डोळे एका बाजूला आणि दुर्गाबाईंची करारी हनुवटी दुसऱ्या बाजूला. तारामतीपासून सौदामिनीपर्यंत अवघी चार वर्षं! पुरुष स्त्रीपार्ट करत होते त्या नव्वद वर्षांत हे अंतर कापलं गेलं नव्हतं. नव्वद वर्षांतले सगळे स्त्रीपार्टी नट काही कमी ताकदीचे नव्हते. सौदामिनी त्यांच्यासाठी लिहिलीच गेली नसती, एवढंच.

कथेतला तपशीलही पाहण्याजोगा. मुलावरचा हक्क आणि मुलाचं पोट. दुर्गाबाई कामत लेकीला घेऊन नाटकात आल्या, दुर्गाबाई खोटे मुलांसाठी चित्रपटात आल्या. कमलाबाईंचं लग्न ‘चित्ताकर्षक’ नाटक मंडळीच्या घरातले नट रघुनाथराव गोखल्यांशी झालं आणि त्याही पंचविशीच्या आसपास तीन मुलांसह विधवा झाल्या. त्यांनी काम थांबवलं नाही. नटी म्हणजे नादावलेली, घर मोडलेली बाई अशी समजूत तेव्हा होती. या तिघींनी घर चालवण्यासाठीच तोंडाला रंग लावला होता.

दुर्गाबाई प्रभातमध्ये अडकून पडल्या नाहीत. त्या काळी नट म्हणजे स्टुडिओचा पगारी नोकर. एका कंपनीशी करार झाला की दुसरीकडं पाहायचं नाही. त्या कलकत्त्याला गेल्या. न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’मध्ये मीरा झाल्या, देवकी बोसांच्या ‘सीता’मध्ये पृथ्वीराज कपूरच्या रामासमोर सीता. ‘सीता’ १९३४ च्या व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. स्वतःच्या कामाचा भाव स्वतः ठरवणारी, आज इथं उद्या तिथं जाणारी नटी ही तेव्हा नवलाईची गोष्ट होती.

मीरा म्हटलं की परत बालगंधर्व आठवतात. प्रभातनं त्यांच्याशी करार केला तेव्हा साडीत नव्हे, संत एकनाथांच्या वेषात त्यांना ‘धर्मात्मा’त उभं केलं. १९३५ ची गोष्ट. शांतारामांना कॅमेऱ्याची नजर ठाऊक होती. तो सहवास एका चित्रपटावरच संपला. मग १९३७ मध्ये बाबूराव रुईकरांनी ‘साध्वी मीराबाई’ काढला आणि त्यात बालगंधर्व मीरेच्या वेषात पडद्यावर आले. दुर्गाबाईंची मीरा चार वर्षांपूर्वी येऊन गेली होती. तोवर प्रेक्षकांची नजर बदलली होती. नाटकगृहात ज्या रूपावर लोक जीव टाकत तेच रूप पडद्यावर त्यांना ओळखेना. पुढच्याच वर्षी गंधर्व मंडळीत गोहरबाई कर्नाटकी आल्या, हळूहळू नायिकेच्या भूमिका त्यांच्याकडं गेल्या आणि बालगंधर्व पुरुषवेषात त्यांच्यासमोर उभे राहू लागले. टीका झाली ती गोहरबाईंवरच. कंपनी बुडवली, देव बाटवला. वंशावळीतल्या बायकांना हा आहेर नेहमीचाच.

‘घरंदाज कुटुंबातून चित्रपटात आलेली पहिली स्त्री’ असं दुर्गा खोट्यांचं वर्णन सतत केलं जातं. ते खोटं नाही. त्यांच्या येण्यानं पुष्कळ दारं किलकिली झाली. शोभना समर्थ आल्या, बी.ए. झालेल्या लीला चिटणीस आल्या आणि साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, वनमाला आल्या आणि ‘श्यामची आई’ करून गेल्या. पण या वर्णनाखाली किती जणी गाडल्या गेल्या ते पाहिलं की मन विटतं. हिराबाई बडोदेकर. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई मान्यांची लेक. १९२९ च्या सुमारास भाऊ सुरेशबाबूंना घेऊन त्यांनी ‘सौभद्र’ उभं केलं, स्त्रीभूमिकेत स्वतः. हे ‘अयोध्येचा राजा’च्या आधीचं. ज्योत्स्ना भोळे, म्हणजे गोव्यातल्या बांदिवड्याच्या दुर्गा केळेकर. (वंशावळीत दुर्गा किती, हेही एक नवलच.) १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरनं मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’चा पहिला प्रयोग केला. त्यात त्या होत्या, पद्मा वर्तक होत्या आणि मराठी नाटकात स्त्री-पुरुषांनी एकत्र सहज वावरायची सवय तिथून पडली. दहा वर्षांच्या आत ‘कुलवधू’तून ज्योत्स्नाबाईंनी नाटकात नटी झालेल्या सुनेचाच प्रश्न रंगमंचावर मांडला. कलावंत घराण्यातल्या मुलींकडं गळा होता, तालीम होती, लोकांपुढं उभं राहायची सवय होती. बोलपटाला आणि नव्या नाटकाला याच गोष्टी हव्या होत्या. त्यांचा गुण घेतला आणि पहिलेपणाचा मान दुसऱ्या आळीत दिला.

हंसा वाडकरांनी हा हिशोब आपल्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये चुकता केला. कुणाचं देणं न लागणाऱ्या माणसाच्या बेफिकिरीनं त्यांनी आपलं आयुष्य सांगून टाकलं. त्यावर आधारून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला आणि स्मिता पाटीलनं ती बाई पडद्यावर आणली. दुर्गाबाईंचं ‘मी, दुर्गा खोटे’ १९८२ चं. दोन्ही आत्मचरित्रं शेजारी ठेवून वाचावीत. एक आवरून-सावरून बसलेलं, एक केस मोकळे सोडलेलं. माझा ओढा हंसाबाईंकडं आहे, पण दुर्गाबाईंच्या संयमालाही किंमत होती हे विसरता येत नाही. एक चुकीचा शब्द गेला असता तर मागून येणाऱ्या किती मुलींची वाट बंद झाली असती, याची जाण त्यांना आयुष्यभर वागवावी लागली असणार. शांता आपट्यांनी ती ओझी मानली नाहीत. ‘कुंकू’त म्हाताऱ्या नवऱ्याला नकार देणारी ही नटी १९३९ मध्ये खुद्द प्रभातच्या फाटकात उपोषणाला बसली आणि ‘जाऊ मी सिनेमात?’ असं पुस्तकही लिहून मोकळी झाली.

दुर्गाबाईंची पुढली चाळीस वर्षं आयांची. ‘पायाची दासी’मधल्या खाष्ट सासूपासून ‘बॉबी’तल्या मिसेस ब्रगांझापर्यंत. ‘बिदाई’साठी फिल्मफेअर मिळालं. हिंदी चित्रपटातली आई म्हणजे बहुतेकदा शिवणयंत्र, खोकला आणि आसवं. त्यांच्या आयांना कणा होता. ‘मोगल-ए-आझम’मधली जोधाबाई आठवून पाहावी. बादशहा एकीकडं, मुलगा एकीकडं आणि मधे ही. समोर अकबर होते पृथ्वीराज कपूर. १९३४ चे राम-सीता १९६० मध्ये अकबर-जोधा होऊन एकमेकांसमोर उभे होते. सव्वीस वर्षांत पृथ्वीराजचा आवाज दुप्पट गडगडाटी झाला होता आणि दुर्गाबाईंचा निम्म्यानं शांत. रंगभूमीवर ‘भाऊबंदकी’तली त्यांची आनंदीबाई पाहिलेली माणसं मात्र चित्रपटांचं नाव काढलं की हात झटकत. नानासाहेब फाटकांच्या राघोबापुढं तेवढ्याच तोलाची बाई उभी राहिलेली पाहणं हा वेगळा अनुभव होता, असं ती म्हणत.

घरातली पुढची पाती सुनेची. धाकटे चिरंजीव हरीन यांची पत्नी विजया जयवंत, ‘रंगायन’ नाट्यसंस्थेच्या सुरुवातीला विजया खोटे आणि नंतर विजया मेहता. हरीन अकाली गेले. ही सून नटी झालीच, पण त्याहून अधिक दिग्दर्शक झाली. तारामतीला कुठं उभं करायचं हे ठरवणारी जागा इतकी वर्षं फाळके, पेंटर, शांतारामांकडं होती. ती इथं बाईकडं आली. कमलाबाईंकडची पाती दुसऱ्या दिशेनं वाढली: मुलगा चंद्रकांत गोखले, नातू विक्रम गोखले. एका घरात दुर्गाबाई कामतांपासून चार पिढ्या रंगमंचावर आणि पडद्यावर.

दुर्गा खोट्यांनी स्वतः निर्मितीचाही उद्योग केला. लघुपट, जाहिरातपट, शेवटी दूरदर्शनची मालिका. आर. के. लक्ष्मणांचा सामान्य माणूस ज्यात घरी आला ती १९८८ ची ‘वागळे की दुनिया’ दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. तेव्हा त्या ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या होत्या. २२ सप्टेंबर १९९१ ला त्या गेल्या.

त्याआधी, १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या गृहस्थाला सबंध मुंबईत एक तारामती सापडली नव्हती त्याच्या नावाचा पुरस्कार. देविका राणी, सुलोचना, कानन देवी यांना तो आधीच मिळून गेला होता. फाळक्यांच्याच कॅमेऱ्यासमोर तेराव्या वर्षी नाचलेल्या कमलाबाई गोखले तेव्हा हयात होत्या. त्यांच्याकडं समितीचं लक्ष कधी गेलं नाही. लक्ष गेलं ते रीना मोहन या तरुण दिग्दर्शिकेचं. तिनं नव्वदीतल्या कमलाबाईंवर ‘कमलाबाई’ नावाचा माहितीपट केला. त्यात म्हातारी अंथरुणाशेजारी बसून जुन्या नाटकांतले उतारे धडाधड म्हणून दाखवते, मधेच कॅमेरेवाल्या मंडळींची फिरकी घेते आणि परत पुढच्या उताऱ्याला लागते.